पेनांगचा निळा वाडा : वास्तुजतन, हॉटेल आणि इतिहासातून वगळलेली बिऱ्हाडे

प्रस्तावना

ऐतिहासिक वास्तूंच्या जतनाचा विचार आपल्याकडे प्रामुख्याने किल्ले, लेणी आणि मंदिरे यांच्या संदर्भात झालेला आहे. राहती घरे, मग ती सरदारांची असोत वा सावकारांची, या विचाराच्या परिघावरच राहिली. याचे कारण उघड आहे. किल्ल्याचा मालक बहुधा शासन असते, मंदिराला विश्वस्त असतात. घराला मात्र वारस असतात आणि पिढीगणिक त्यांची संख्या वाढत जाते. वारसांच्या वाटण्या, भाडेकरूंचे हक्क आणि दुरुस्तीचा खर्च या तिहेरी पेचात जुना वाडा सापडला की तो पडण्याची वाट पाहण्यापलीकडे कोणाच्याच हाती काही उरत नाही. या पेचातून निघण्याचा एक मार्ग म्हणून गेल्या तीन-चार दशकांत जुन्या वाड्यांचे लहान, निवडक पाहुण्यांच्या हॉटेलात रूपांतर करण्याची पद्धत आशियात सर्वत्र रूढ झाली. अशा हॉटेलांना 'बुटिक हॉटेल' म्हणतात. ही संज्ञा १९८० च्या दशकात अमेरिकेत प्रचारात आली. भारतातही पर्यटन खात्याने १९५० पूर्वीच्या हवेल्या, वाडे, किल्ले व राजवाडे यांतील निवासव्यवस्थेसाठी 'हेरिटेज हॉटेल' हा स्वतंत्र वर्ग मान्य केला आहे.

या पद्धतीचे एक ठळक आणि वारंवार उल्लेखिले जाणारे उदाहरण म्हणजे मलेशियातील पेनांग बेटावर, जॉर्ज टाऊन शहरातील लीथ स्ट्रीटवर उभा असलेला चिऑंग फॅट त्झे यांचा वाडा. भिंतींच्या गडद निळ्या रंगामुळे तो 'निळा वाडा' म्हणून ओळखला जातो. युनेस्कोने आशिया-पॅसिफिक विभागासाठी वारसाजतनाचे पुरस्कार २००० साली सुरू केले, तेव्हा पहिल्याच वर्षीचा सर्वोच्च सन्मान या वाड्याला मिळाला. प्रस्तुत लेखात या वाड्याच्या रूपांतराचा इतिहास तपासण्याचा प्रयत्न केला आहे. वाडा वाचला, आणि उत्तम रीतीने वाचला, याविषयी दुमत होण्याचे कारण नाही. तथापि वाचला तो विसाव्या शतकाच्या आरंभीचा वाडा. त्यानंतरच्या सत्तर-पंचाहत्तर वर्षांचा वाडा या प्रक्रियेत नाहीसा झाला, आणि हे नाहीसे होणे अपघाती नव्हते, असे येथे मांडावयाचे आहे.

वाड्याचा धनी

चिऑंग फॅट त्झे यांचा जन्म १८४० मध्ये दक्षिण चीनमधील ग्वांगडोंग प्रांतात, दाबू परगण्यातील एका हाक्का कुटुंबात झाला. तरुणपणीच ते नशीब काढण्यासाठी डचांच्या ताब्यातील बटाव्हियाला, म्हणजे आजच्या जाकार्ताला गेले. धान्य व रसद पुरवण्याच्या व्यवसायापासून त्यांनी आरंभ केला आणि पुढे सुमात्रातील मळे, जहाजवाहतूक व सरकारी मक्ते यांच्या बळावर ते आग्नेय आशियातील अतिश्रीमंतांत गणले जाऊ लागले. १८९० च्या दशकात चीनच्या छिंग दरबाराने त्यांना पेनांगमधील आपला वाणिज्यदूत नेमले. १८९२ मध्ये त्यांनी उत्तर चीनमधील यांताई येथे द्राक्षमद्याचा कारखाना काढला. तो आजही चालू आहे. पेनांगमध्ये १९०४ साली आधुनिक पद्धतीची चिनी शाळा सुरू करण्यात त्यांचा मोठा वाटा होता. १९१६ मध्ये बटाव्हियात त्यांचे निधन झाले.

या संपत्तीच्या उगमाविषयी थोडे अधिक बोलणे आवश्यक आहे, कारण हॉटेलच्या दिवाणखान्यात बसणाऱ्या पाहुण्याला त्याची जाणीव क्वचितच होते. एकोणिसाव्या शतकात ब्रिटिश व डच वसाहतींच्या महसुलाचा मोठा भाग मक्तेपद्धतीतून येत असे. अफू, दारू यांच्या किरकोळ विक्रीचा हक्क लिलावाने दिला जाई आणि चिनी व्यापाऱ्यांच्या मंडळ्या तो घेत असत. चिऑंग हे अशा मक्तेदारांपैकी एक होते. या बाजारपेठांत खपणाऱ्या अफूचा मोठा भाग हिंदुस्थानातून जात असे. खाणींत आणि मळ्यांवर राबणारे चिनी मजूर हे तिचे मुख्य गिऱ्हाईक होते. म्हणजे मजुरीचा पैसा मक्त्याच्या वाटेने पुन्हा धनिकाकडे येई. आपल्याकडील अबकारी मक्त्यांचा इतिहास ज्यांनी पाहिला आहे त्यांना ही रचना अपरिचित वाटणार नाही.

वास्तू

वाड्याचे बांधकाम एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस सुरू होऊन विसाव्या शतकाच्या पहिल्या काही वर्षांत पूर्ण झाले. अडतीस खोल्या, ग्रॅनाइटच्या फरसबंदीचे पाच चौक, सात जिने आणि दोनशे वीस खिडक्या असा त्याचा विस्तार आहे. मराठी वाचकाने येथे पाच चौकी वाड्याची कल्पना केल्यास ती फारशी चुकणार नाही. भोवती खोल्या, मध्ये आभाळाला उघडा चौक, छपरावरचे पाणी चौकात उतरण्याची सोय आणि समोरच्या चौकातून मागच्या चौकाकडे जाताना क्रमाक्रमाने वाढत जाणारा खासगीपणा, हे सारे दोहोंत समान आहे. फरक आहे तो फंग शुई या चिनी वास्तुविचाराचा. जागेची दिशा, मागचा डोंगर व पुढचे पाणी यांचा हिशेब त्यानुसार मांडला गेला.

कारागीर दक्षिण चीनमधून आणले गेले. छपराच्या कडांवर आणि भिंतींच्या माथ्यावर चिनी मातीच्या रंगीत भांड्यांचे तुकडे कापून, ते चुन्यात बसवून केलेली फुले, पक्षी व मानवाकृती हे त्यांचे काम. परंतु ओतीव लोखंडाचे खांब व कठडे ग्लासगोचे, जमिनीच्या फरश्या इंग्लंडमधील स्टोक-ऑन-ट्रेंटच्या आणि खिडक्यांतील रंगीत काचा तत्कालीन युरोपीय नवकलेच्या शैलीतल्या आहेत. चिनी वाड्याला स्कॉटिश लोखंड शोभते की नाही, हा प्रश्न वाड्याच्या धन्याला पडलेला दिसत नाही. ज्या बंदरातून त्याची जहाजे जात-येत होती, त्या बंदरात जे उत्तम मिळत होते ते त्याने घेतले.

निळा रंग हा याच व्यापाराचा भाग होय. चुन्याच्या निवळीत नीळ मिसळून भिंतींना दिलेला हा रंग. आणि ही नीळ हिंदुस्थानातून जात असे. चुन्याचा रंग भिंतीला श्वास घेऊ देतो. पेनांगसारख्या समुद्रकाठच्या दमट हवेत भिंतीतला ओलावा बाहेर पडण्यास त्यामुळे वाव राहतो आणि घर थंड राहते. आपल्याकडे सफेदीच्या चुन्यात चिमूटभर नीळ टाकण्याची जी रीत होती, तिचे प्रयोजन पांढरा रंग अधिक पांढरा दिसावा एवढेच होते. येथे मात्र निळेपण हाच हेतू आहे. लक्षात घेण्यासारखा योगायोग असा की, वाड्याच्या बांधकामाच्या सुमारासच, १८९७ मध्ये, जर्मन कारखान्यांतील कृत्रिम नीळ बाजारात आली आणि बिहार-बंगालमधील निळीच्या लागवडीला उतरती कळा लागली. पुढे १९१७ मध्ये चंपारणचा जो प्रश्न गांधीजींनी हाती घेतला, त्याची पार्श्वभूमी हीच आहे. मक्त्यातील अफू आणि भिंतीवरची नीळ अशा दोन धाग्यांनी पेनांगचा हा वाडा हिंदुस्थानच्या आर्थिक इतिहासाशी जोडलेला आहे.

मृत्युपत्र आणि बिऱ्हाडे

चिऑंग यांनी मृत्युपत्रात अशी अट घातली की, आपला शेवटचा मुलगा हयात असेपर्यंत हा वाडा विकला जाऊ नये. ते वारले तेव्हा त्यांचा धाकटा मुलगा अगदी लहान होता. त्याचे निधन १९८९ मध्ये झाले. परिणामी त्र्याहत्तर वर्षे वाडा विकता आला नाही. वाडा पाडून तेथे उंच इमारत उभी न राहण्याचे पहिले श्रेय म्हणूनच वारसाप्रेमाला नव्हे, या एका कायदेशीर कलमाला द्यावे लागते.

परंतु जे कलम वाडा विकू देत नव्हते, ते तो सांभाळण्यासाठी पैसाही देत नव्हते. घराण्याची संपत्ती ओसरली, महायुद्ध आणि जपानी अंमल येऊन गेला, आणि वाड्याच्या खोल्या एकेक करून भाड्याने गेल्या. चौकांत दोऱ्या बांधल्या गेल्या, दिवाणखान्यांत आडोसे उभे राहिले, ज्या खोलीत एक माणूस निजत असे तेथे एक कुटुंब राहू लागले. पुण्यातील पेठांमधल्या वाड्यांचे जे झाले त्याचेच हे चिनी रूप होय. 'बिऱ्हाड' या शब्दात मराठीने या साऱ्या जगण्याला नाव दिलेले आहे. पेनांगच्या वाड्यासंबंधीच्या लेखनात मात्र या माणसांसाठी बहुधा 'भाडेकरू' आणि 'बेकायदा रहिवासी' असे दोनच शब्द येतात आणि तेही वाड्याची दुरवस्था सांगताना. त्यांनी वाडा खराब केला, एवढीच त्यांची नोंद.

इतिहासाच्या अभ्यासकाने येथे थांबावयास हवे. रिकामे घर उष्ण कटिबंधात किती वर्षे टिकते? वाळवी, पाऊस आणि छपरात रुजणारी झाडे यांच्यापुढे बंद वाडा काही दशकेही तग धरत नाही. गळणाऱ्या कौलांखाली भांडे ठेवणारा, फुटलेल्या कौलाच्या जागी पत्रा ठोकणारा भाडेकरू वास्तुशास्त्राच्या दृष्टीने गुन्हेगार असेल. परंतु वास्तू उभी ठेवण्यात त्याचाही हात होता. मृत्युपत्राने वाडा विक्रीपासून वाचवला आणि बिऱ्हाडांनी तो ओसाडीपासून वाचवला, असे म्हणणे अधिक न्याय्य ठरेल.

जतनाचे कार्य

मुलाच्या निधनानंतर वाडा विक्रीस निघाला. तो विकासकांच्या हाती जाऊ नये म्हणून वास्तुविशारद लॉरेन्स लोह, त्यांच्या पत्नी लिन ली लोह-लिम आणि काही समविचारी मंडळींनी मिळून तो विकत घेतला. पेनांगमध्ये वारसाजतनाचे काम करणारी नागरी संस्था १९८६ मध्येच स्थापन झालेली होती, म्हणजे अशा विचाराची पार्श्वभूमी शहरात तयार होती. शासनाने नव्हे, तर नागरिकांनी स्वतःचे भांडवल घालून केलेला हा प्रयोग होता, आणि घातलेले भांडवल परत मिळण्यासाठी वास्तूने उत्पन्न दिले पाहिजे हे त्यांनी प्रथमपासून जाणले होते. हॉटेलाची कल्पना या गरजेतून आली.

१९९० च्या दशकात झालेल्या या कामाचे तांत्रिक मूल्य मोठे आहे. मधल्या काळात सिमेंटने केलेल्या दुरुस्त्या अशा वास्तूला मारक ठरतात. सिमेंटचा गिलावा भिंतीतला ओलावा आत कोंडतो, ओलाव्याबरोबर वर चढलेले क्षार भिंतीतच साठतात आणि आतली वीट भुसभुशीत होऊ लागते. म्हणून चुन्याच्या कामाला चुन्याचीच दुरुस्ती हा नियम येथे पाळण्यात आला. भांड्यांच्या तुकड्यांच्या नक्षीसाठी ती कला जाणणाऱ्या चिनी कारागिरांची मदत घेण्यात आली. अडतीस खोल्यांच्या या वाड्यात पाहुण्यांच्या खोल्या वीसहूनही कमी ठेवण्यात आल्या आणि वाडा ठरावीक वेळी मार्गदर्शकासह बाहेरच्या प्रेक्षकांनाही दाखवला जाऊ लागला. प्रत्येक खोलीला न्हाणीघर जोडणे हे अशा रूपांतरातील सर्वांत अवघड काम असते, कारण चुन्याच्या भिंतीत पाण्याचे नळ नेणे म्हणजे ज्या शत्रूपासून वाचवावयाचे त्यालाच घरात बोलावणे. खोल्यांची संख्या कमी ठेवण्याचा निर्णय या दृष्टीनेही शहाणपणाचा होता. त्यासाठी उत्पन्नावर पाणी सोडावे लागते, हे सांगणे नको.

'इंडोशीन' (१९९२) या फ्रेंच चित्रपटाचे आणि पुढे 'क्रेझी रिच एशियन्स' (२०१८) या अमेरिकी चित्रपटाचे काही चित्रीकरण या वाड्यात झाले. पहिल्यात तो व्हिएतनामच्या कथेत आला, दुसऱ्यात सिंगापूरच्या. वाड्याला स्वतःची कथा असताना त्याने दोन्ही वेळा दुसऱ्या देशाची भूमिका करावी, ही गंमत नोंदवून पुढे जाऊ.

कोणता काळ जपावयाचा?

मराठीत 'जीर्णोद्धार' हा शब्द जुना आहे. मंदिराचा जीर्णोद्धार म्हणजे बहुतेक वेळा त्याच जागी, त्याच देवासाठी केलेले नवे बांधकाम. पावित्र्य जागेत आणि मूर्तीत असते, दगडात नसते, अशी त्यामागची धारणा होय. 'जतन' या आधुनिक संकल्पनेत मात्र दगड हाच पुरावा असतो आणि पुरावा बदलता येत नाही. १९६४ च्या व्हेनिस सनदेने हे तत्त्व स्पष्टपणे मांडले. वास्तूचा समाजोपयोगी वापर जतनाला पोषक आहे, परंतु त्यासाठी तिची रचना वा अलंकरण बदलता कामा नये. अनुमान सुरू होते तेथे पुनःस्थापना थांबली पाहिजे. आणि वास्तूत निरनिराळ्या काळांनी घातलेली रास्त भर आदरणीय मानली पाहिजे, असा तिचा आशय आहे.

निळ्या वाड्याचे काम यांपैकी पहिल्या दोन कसोट्यांवर बव्हंशी उतरते. प्रश्न आहे तो तिसऱ्या कसोटीचा. बिऱ्हाडांनी घातलेले आडोसे, चुली, खुंट्या, भिंतीवरच्या देव्हाऱ्यांच्या खुणा ही 'रास्त भर' होय की घाण? जतनकर्त्यांनी दुसरे उत्तर स्वीकारले आणि वाडा धन्याच्या काळात परत नेला. व्यवहारतः दुसरा पर्याय होता असे म्हणवत नाही. कोंदट आडोशात राहण्यासाठी कोणी पाहुणा भाडे मोजणार नाही. परंतु व्यवहाराची ही अट इतिहासाची अट नव्हे. हॉटेल जेव्हा वाड्याचा इतिहास सांगते, तेव्हा ते वैभवाकडून दुरवस्थेकडे आणि दुरवस्थेतून पुन्हा वैभवाकडे अशी कथा सांगते. या कथेत मधल्या सत्तर वर्षांना स्वतःचा आशय नसतो, तो केवळ अंधार असतो. ज्या मक्त्यांतून वाडा उभा राहिला ते मजुरांच्या व्यसनावर चालत होते, आणि त्याच समाजातील सामान्य माणसे पुढे त्या वाड्यात राहिली. असे पाहिले तर बिऱ्हाडांचा काळ हा वाड्याच्या सामाजिक इतिहासातील बहुधा सर्वांत अर्थपूर्ण अध्याय ठरतो.

जतनकर्त्यांवर दोषारोप करण्याचा हेतू येथे नाही. त्यांनी वास्तूची मोजमापे घेतली, नोंदी ठेवल्या, पुस्तक लिहिले. भाडेकरूंची तोंडी माहिती नोंदवून घेणे हे वास्तुविशारदाचे नव्हे, इतिहासकाराचे काम होते.

दोन कायदे, एक वर्ष

या प्रश्नाची दुसरी बाजू वाड्याबाहेर, शहरात दिसते. जॉर्ज टाऊनच्या जुन्या वस्तीत सामान्य माणूस राहू शकला तो भाडेनियंत्रणामुळे. मलेशियाच्या १९६६ च्या भाडेनियंत्रण कायद्याने ३१ जानेवारी १९४८ पूर्वी बांधलेल्या इमारतींना संरक्षण दिले होते. हा कायदा १९९७ मध्ये रद्द करण्यात आला आणि संक्रमणकाळ संपून १ जानेवारी २००० पासून भाडी मोकळी झाली. हजारो कुटुंबांपुढे घर सोडण्याचा प्रश्न उभा राहिला. त्याच २००० साली निळ्या वाड्याला युनेस्कोचा सन्मान मिळाला. २००८ मध्ये मेलाका व जॉर्ज टाऊन ही शहरे जागतिक वारसास्थळांच्या यादीत आली आणि रिकाम्या झालेल्या जुन्या घरांतून लहान हॉटेले व उपाहारगृहे वाढू लागली. युनेस्कोने ज्या बहुविध लोकजीवनासाठी शहराला मान दिला, ते लोकजीवन जगणारी माणसे त्या सुमारास तेथून हलत होती. यात निळ्या वाड्याचा दोष नाही. परंतु 'वाड्याचे हॉटेल करता येते आणि ते फायद्याचे ठरते' हा धडा शहराने त्याच्याकडूनच प्रथम घेतला.

आता महाराष्ट्राकडे पाहू. १९४७ च्या मुंबई भाडेनियंत्रण कायद्याने १ सप्टेंबर १९४० चे भाडे प्रमाण मानून गोठवले. दुसऱ्या महायुद्धाच्या टंचाईतून आलेला हा कायदा अर्धशतक टिकला. सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर १९९७ मध्ये त्यातील प्रमाण भाड्याच्या तरतुदी कालबाह्य व अवाजवी ठरवल्या आणि ३१ मार्च २००० पासून महाराष्ट्र भाडेनियंत्रण कायदा, १९९९ अमलात आला. मलेशियाने नियंत्रण एकदम उठवले, आपण ते ठेवून दरवर्षी चार टक्के भाडेवाढीची मुभा दिली. दोन्ही निर्णयांत अवघ्या तीन महिन्यांचे अंतर आहे, पण परिणाम उलट झाले. तेथे भाडेकरू गेला आणि घर उरले. पुण्यात भाडेकरू बव्हंशी राहिला, परंतु वाडा पडून त्याच जागी उभ्या राहिलेल्या इमारतीतील सदनिकेत. १२ जुलै १९६१ च्या पानशेतच्या पुराने नदीकाठच्या पेठांतील अनेक वाडे आधीच नेले होते. उरलेल्यांचे काम दुरुस्तीला न परवडणाऱ्या भाड्याने आणि चटईक्षेत्राच्या हिशेबाने पूर्ण केले. विश्रामबागवाडा टिकला तो १८२१ मधील संस्कृत पाठशाळेपासून पुढे तो सतत कोणत्या ना कोणत्या सार्वजनिक कामी येत राहिला म्हणून. सावंतवाडीच्या राजवाड्यात गंजिफा व लाखकाम करणारे कारागीर अनेक दशके काम करीत आले आहेत आणि अलीकडे त्याच कलेच्या आधाराने तेथे पाहुण्यांसाठी खोल्या करण्यात आल्या. राजघराणे अजून तेथे आहे, कारागीरही आहेत. बिऱ्हाडांचा प्रश्न तेथे नव्हता. म्हणून सावंतवाडीचे उदाहरण कितीही स्तुत्य असले तरी ते कसबा पेठेतील वाड्याला लागू पडत नाही.

पुणे, सातारा, वाई, नाशिक येथील जे वाडे अद्याप उभे आहेत, त्यांपैकी काहींचे पुढेमागे हॉटेल होईल. त्यात वावगे काही नाही. मात्र काम सुरू होण्यापूर्वी दोन प्रकारच्या नोंदी घेणे शक्य आहे, आणि त्या महाविद्यालयीन पातळीवरही घेता येण्याजोग्या आहेत. आडोशांसकट, चुलींसकट वाड्याचा जसा आहे तसा मोजणी-आराखडा ही पहिली. त्यासाठी वास्तुशास्त्र महाविद्यालयांचे सहकार्य मिळू शकते. दुसरी म्हणजे बिऱ्हाडकरूंचा लेखी व तोंडी इतिहास. भाडेपावत्या, शिधापत्रिका, जुनी छायाचित्रे घरोघरी असतात. त्यांखेरीज प्रमाण भाडे ठरवून घेण्यासाठी लघुवाद न्यायालयांत दाखल झालेल्या दाव्यांचे कागद हे एक दुर्लक्षित साधन आहे. खोलीचे वर्णन, नळ व शौचकूप किती कुटुंबांत सामाईक, भाडे किती व ते कधीपासून, हा तपशील वादी-प्रतिवादींच्या कैफियतींत नोंदवला जातो. वाड्यांच्या इतिहासासाठी आपण पेशवे दफ्तरापर्यंत जातो. हे दावे मात्र अजून कोणी पद्धतशीरपणे उघडलेले दिसत नाहीत, आणि निकाली प्रकरणांचे कागद न्यायालये कायम ठेवीत नाहीत, मुदतीनंतर ते नष्ट केले जातात.